टाचणीची सही

संबावाच्या पुढे डांबर संपतं.
मोटारसायकल तांबड्या चिखलात पोटापर्यंत रुतली
तशी ती तिथेच सोडली, आणि उरलेला रस्ता चाललो,
राजधानीने दिलेले बावन्न रकाने
प्लास्टिकमध्ये गुंडाळून.

सोआझारा वेलींमध्येच भेटली.
"हात चालू ठेवून बोलेन," म्हणाली.
"हे फूल सकाळी उमलतं, दुपारी मिटतं,
आणि ह्या बेटावर त्याच्या ओळखीची एक मधमाशी नाही."
लिंबाच्या काट्याने पाकळी चिरली,
मधला पडदा उचलला,
अंगठ्याने पराग टेकवला.
लागलं लग्न.
ना अक्षता, ना वाजंत्री. पुढचं फूल.

"आज किती लावलीत?"
"तू आल्यापासून चाळीस.
आधीची कोण मोजतंय?"

रकाना तीन, उत्पादनाचा खर्च.
बियाणं? वेलीचाच तुकडा.
खत? पाचोळा.
मजुरी?
तिने मागे पाहिलं. जाऊ, जावेची मुलगी,
आणि एक म्हातारी, जिला दिसत नाही
पण बोटांना दिसतं.
मी शून्य लिहिलं.
नियमच तसा आहे, घरच्यांचं शून्य.

मग नऊ महिने शेंग वेलीवर.
"तेवढेच," ती म्हणाली, "आणि शेवटचे दोन
डोळ्यांत तेल घालून जागायचं."
चोर येतात. म्हणून बुचात टाचण्या खोचून
हिरव्या शेंगेला टोचायचं
नावाचं अक्षर आणि दोन ठिपके.
शेंग उकळत्या पाण्यातून निघते, उन्हात सुरकुतते,
रात्री घोंगडीत घाम गाळते, काळी पडते,
ठिपके जात नाहीत.
"शाळेत मी गेले नाही,
पण वर्षाला चार हजार वेळा सही करते."

"कुठे जातात शेंगा, माहीत आहे?"
"थंड देशांत. आइसक्रीममध्ये घालतात म्हणे."
"तुम्ही खाल्लंय?"
"एकदा, बाजारात. फार गोड.
वास आमच्या घोंगड्यांचा."

राजधानीत आम्ही ह्याला परकीय चलन म्हणतो.
त्यातून डिझेल येतं, इंजेक्शनं येतात,
पुलांचं लोखंड येतं
(ह्या ओढ्यावर अजून आलेलं नाही),
आणि तांदूळ. हो, तांदूळसुद्धा,
तिच्या खाचरातला वादळाने नेला त्या वर्षी.
वार्षिक अहवालात एक वाक्य असतं:
शेतीचा वाटा घटत जाणे हे प्रगतीचे लक्षण.
गेल्या खेपेला ते मीच टाइप केलं होतं.
ते खोटं नाही.
फक्त, ते वाचताना वाटतं
की शेती कुठेतरी निघून चालली आहे
आणि प्रगती दुसरीकडून येते आहे.

रकाना सतरा, कुटुंबातून शेती सोडून गेलेले.
"थोरला. तामातावेच्या बंदरात क्रेन चालवतो.
त्याच्या परीक्षेची फी दोन किलो."
"दोन किलो?"
"वाळलेल्या. आणि बूट अर्धा किलो.
धाकटी नर्स होते आहे, ती अजून वेलीवरच आहे."

आणि काटा खाली न ठेवता:
"तू रे? तू किती किलोंचा?"

मी लवंगांचा. मानानाराच्या.
बाबा झाडावर, आई खाली चटईवर,
देठ खुडता खुडता तिची नखं तपकिरी.
माझा चष्मा, माझं वसतिगृह, हा पांढरा शर्ट.
किती किलो, मी कधी विचारलं नाही,
आणि त्यांनी मोजून दाखवलं नाही.
आता माझी गणती सेवा क्षेत्रात होते.

"माहीत नाही," मी म्हणालो.
"विचार," ती म्हणाली. "जिवंत असतील तर."

ऊन चढलं, फुलं मिटायला लागली.
तिने मला एक काटा दिला.
मी फूल धरलं, पडदा फाटला,
अर्धा पराग माझ्या नखावरच राहिला.
म्हातारीने चाचपून पाहिलं आणि हसली.
"टिकायचं नाही. उद्या गळेल.
तरी लिही हवं तर, तुमच्यात सगळंच लिहितात."

एकशे तीन लिहिलं होतं.
एकशे चार लिहिलं, आणि खोडलं.
खोडलेलं अजून वाचता येतं.